खोपीत जुनी एमजी सापडलीय, भंगारात जाऊ द्यायची नाही, काय करू?

पन्हाळा_पायथा:
मंडळी मदत पाहिजे. आजोबांची एमजी, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, गावाकडं गोठ्याशेजारच्या खोपीत पस्तीसेक वर्षं उभी आहे, वरनं उसाचा पाला, टायर गळून गेलेत, दार उचललं तर हातात आलं कारण आतलं लाकूड वाळवीनं खाल्लंय. इंजिनवरच्या पितळी पट्टीवर एक्सपीएजी कोरलंय. परवा भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला, काका म्हणतात देऊन टाक जागा मोकळी होईल. मला रात्रभर झोप नाही. खरंच दुर्मिळ आहे का ही, आणि कोल्हापुरात उभी राहील का?

उद्यमनगर_लेथ:
भावा आधी भंगारवाल्याला वाटंला लाव. एक्सपीएजी हे एमजीच्या इंजिनाचं नाव, मॉडेल कुठलं ते चाकावरनं बघ, 19 इंची स्पोकची असली तर बहुतेक टीसी, 15 इंची असली तर नंतरची टीडी नाहीतर टीएफ. टीसी 1945 ते 1949 एवढीच बनली, इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला, साधारण 10,000. इंजिन 1250 सीसी, जाम असणारच, हँडल अजिबात मारू नको, प्लग काढून डिझेल आणि ऑईल निम्मंनिम्मं सोड, आठ-दहा दिवस मुरू दे. आणि हे नीट वाच, बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा पाना लागतो पण आटे मेट्रिक आहेत, ते बी बारीक, 8 एमएमला 1 चा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर 1 एमएम. हे इंजिन जिथं बनलं तो कारखाना मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, मशिनं तिकडचीच, म्हणून असं. आपल्या दुकानात 8 चा बोल्ट 1.25 पिचचा मिळतो, तो कुणी जोर लावून बसवला की ब्लॉकमधले आटे गेलेच म्हणून समज. बोल्ट लेथवर काढून घेऊ, उद्यमनगरात काय अडचण नाही.

रंकाळा_संध्याकाळ:
बॉडीचा सांगाडा अ‍ॅशच्या लाकडाचा, पत्रा त्यावर ठोकलेला, त्यामुळं ही गाडी मरते ती लाकडानं. कुजलेला तुकडा सुद्धा फेकू नका, सुताराला नमुना तोच. जगात टीसी बऱ्याच टिकल्यात, कारण पार्ट आजही इंग्लंडात नवे बनतात, लाकडी फ्रेमसकट. पण स्वतःच्याच इंजिन आणि चेसिसची गाडी मिळणं अवघड, म्हणून इंजिन बदलायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टीसीचे चेसिस नंबर 0251 पासून सुरू होतात, गाडीच्या कारखान्याचा फोन नंबर 251 होता म्हणून. 2021 च्या नियमानं 50 वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पण बॉडी, चेसिस, इंजिनात बदल चालत नाही. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला अख्खं गाव लोटतं, जुन्या गाडीची किंमत आपल्याला नाही तर कुणाला असणार.

पन्हाळा_पायथा:
आज पाला काढला. चाकं 19 इंचीच! चेसिसच्या टोकाला ब्रश मारल्यावर टीसी दिसलं, पुढचे आकडे गंजात आहेत, हळूहळू घासतोय. काकांना इंजिनची पट्टी पुसून दाखवली तर ते आजोबांसोबत जोतिबाला गेलेले ते सांगत बसले, संध्याकाळी स्वतःच ताडपत्री घेऊन आले. लेथवाले दादा, रविवारी बोल्ट घेऊन येऊ का?

उद्यमनगर_लेथ:
ये की. पण काढताना कुठला कुठला ते चिठ्ठी लावून ठेव.