प्रॉडक्शनमध्ये मॅगझिनचे पाउच हाडामागेच का?

तिरपा_नेम (मेलबर्न): मंडळी, आयपीएससी या धावत-पळत पिस्तूल चालवायच्या आंतरराष्ट्रीय खेळाच्या प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये (साध्या पिस्तुलांच्या गटात) होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, आणि जादा मॅगझिनचे, म्हणजे गोळ्यांच्या डब्यांचे, पाउच कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकामागेच हवेत. नियम सगळ्या जगाला एकच, पण आम्हा ऑस्ट्रेलियावाल्यांना तो जास्त बोचतो. इतर बहुतेक देशांत मॅगझिनमध्ये १५ गोळ्या भरतात. इथे २००२ साली मोनॅश विद्यापीठात गोळीबार झाला, त्यानंतर हँडगनच्या मॅगझिनवर १० ची कायदेशीर मर्यादा आली. लाँग कोर्स, म्हणजे सगळ्यात मोठी स्टेज (एका दमात उरकायचा टप्पा), ३२ राउंडपर्यंत, म्हणजे गोळ्यांपर्यंत, जातो. त्यांचं तीन मॅगझिनांत भागतं. आम्हाला चार लागतात, आणि पोलादी प्लेटवर नेम हुकायला लागले की पाचवं. म्हणजे बेल्टवर चार पाउच, त्यातला शेवटचा जवळजवळ पाठीवर. हात नेऊन बघा तिथे! कोपर मागे, खांदा वर, आणि तर्जनी वरच्या गोळीच्या टोकाला टेकायच्या आत मॅगझिन तिरकं बाहेर. होल्स्टरचा नियम राहू द्या, पाउच मात्र मोकळे सोडा.

बेल्टवाले_काका: साफ असहमत. प्रॉडक्शन हे कारखान्यातून आलेल्या साध्या पिस्तुलांसाठी आहे, सामानाच्या चढाओढीसाठी नाही. बकलपाशी पाउच हवेत तर ओपनमध्ये, म्हणजे फेरफार केलेल्या पिस्तुलांच्या गटात, या, तिथे जागेचं बंधन नाही. शिवाय एका जागेवरून ९ पेक्षा जास्त हिट्स मागायचे नाहीत हा स्टेज आखण्याचा नियमच आहे. १० चं मॅगझिन पुरतं की. पुढच्या जागेकडे पळताना बदला.

तिरपा_नेम: पुरतं, पण एकच गोळी हाताशी राखून! जागा सात-सात हिट्सच्या असल्या तर १५ वाला दोन उरकून रीलोड करतो (मॅगझिन बदलतो), आम्ही प्रत्येक जागेला.

दहा_मीटर (पुणे): आमच्याकडे ९ एमएमचं पिस्तूल प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी, त्यामुळे हा खेळ व्हिडिओतच बघतो. बाळबोध प्रश्न: एका रीलोडने असा काय फरक पडतो?

तिरपा_नेम: गुण भागिले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. ३२ राउंड, सगळे ‘ए’मध्ये (लक्ष्याच्या मधल्या भागात, प्रत्येकी ५ गुण), १६० गुण. २० सेकंदांत केले तर ८. चाचपडण्यात एक सेकंद गेला तर ७.६२. आता बोला.

सिडनीची_सून: काका, माझी कंबर २६ इंच. बोट जायला फट ठेवून चार पाउच लावले की शेवटचा मणक्याला टेकतो. ४० इंचवाल्या गड्याला हाडापासून मणक्यापर्यंत सहा बसतात. पाउच अंगापासून ५० मिमीच्या आत हवेत, या नियमात अंगकाठी बघून सूट द्यायची मुभा रेंज मास्टरला (मुख्य पंचाला) आहे. मग जागेच्या नियमालाच एवढं सोवळं कशाला?

बेल्टवाले_काका: खिसा आहे ना! स्टेजच्या ब्रीफिंगमध्ये (आधी दिलेल्या सूचनांत) मनाई नसेल तर जादा मॅगझिन कपड्याच्या खिशात चालतं, आणि खिसा कुठे असावा याला बंधन नाही.

सिडनीची_सून: म्हणजे पुढच्या खिशातलं चालतं, आणि त्याच्या चार बोटं वर बेल्टवर लावलेलं चालत नाही! आणि बायकांच्या पँटचे खिसे पाहिलेत कधी?

टायमरवाला: रेंज ऑफिसर (स्टेजवरचा पंच) म्हणून दोन शब्द. जर्सी ढगळ असली की हाडाचं टोक नजरेला दिसत नाही, आणि अनोळखी बाईमाणसाच्या कमरेला हात लावून मी तपासणार नाही. मग ज्याची जर्सी घट्ट, तोच सापडतो. आणि सापडला तर थेट ओपनमध्ये, जिथे समोरच्याच्या पिस्तुलावर रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका) आणि कॉम्पेन्सेटर (झटका कमी करणारा जोड). चार बोटांच्या चुकीला एवढी सजा मला पटत नाही. पण नियम काढायलाही माझा विरोध आहे. सगळे पाउच पुढे आले की वाकताना, जमिनीवर झोपून मारताना ते पोटात घुसतात आणि मॅगझिन निसटून वाळूत पडतात.

तिरपा_नेम: ते ज्याचं त्याला. पोट माझं, वाळूही माझीच.

बेल्टवाले_काका: बरं, पहिला एक पाउच पुढे, बाकीचे हाडामागे, एवढं मागत असाल तर विचार करू.

तिरपा_नेम: पहिल्याचं काय घेऊन बसलात काका, माझं भांडण चौथ्याशी आहे!