‘लॉग करणं’ याला मराठीत काय म्हणावं?

मी बडोद्यात माहितीपटांच्या संकलनाचं काम करते. सध्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांच्या मुलाखती हातात आहेत. कॅमेरा तुकड्यांना सी०००१, सी०००२ अशी नावं देतो, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. म्हणून एकेक तुकडा बघून, कुठे काय आहे ते लिहून ठेवावं लागतं. यालाच आम्ही लॉग करणं म्हणतो.

मराठी शब्द हवाय तो गोंधळ झाला म्हणून. गेल्या महिन्यात मदतनीस मुलाला फोनवर विचारलं, ‘आजींचं सगळं फुटेज लॉग आहे ना?’ तो हो म्हणाला. कॅमेऱ्यात फिकट रंगांचं ‘लॉग’ चित्रणही असतं, त्याला वाटलं मी तेच विचारतेय. नोंद एकही नव्हती. ४ तासांचं चित्रण मी दोन रात्री जागून बघितलं.

खरं तर हे दोन लॉग वेगवेगळ्या कुळांतले. रंगाचा लॉग लघुगणकातला. नोंदींचा लॉग जहाजावरचा: दोरीला लाकूड बांधून समुद्रात सोडायचं, दोरीच्या किती गाठी सुटल्या त्यावरून वेग काढायचा आणि वहीत मांडायचा. त्या लाकडाचं नाव वहीला लागलं.

‘नोंद’ मला अपुरा वाटतो. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत पुस्तक आलं, क्रमांक पडला, की नोंद पुरी होते. लॉगमध्ये बघणाऱ्याचा निवाडा असतो. माझी एक ओळ देते:

००:१४:०७:१२ – आजी, सुरसागरावरचं विसर्जन, आवाज भरून येतो. मागे रिक्षाचा हॉर्न. तरी ठेवावं.

(सुरसागर हा इथला तलाव. आकडे तास, मिनिटं, सेकंद असे, आणि शेवटचा फ्रेमचा, म्हणजे एकेका स्थिर चित्राचा. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून तो २४च्या पुढे जात नाही.)

मला ‘टाचण’ सुचतंय. पटतंय का?

प्रतिसाद:
ताई, टाचण अगदी चपखल! शिक्षक पाठाचं टाचण काढतात तेही असंच, थोडक्यात आणि पुढच्या कामासाठी. शिवाय फिल्मच्या काळात कापलेले तुकडे खरोखरच पेटीवरच्या बारीक खिळ्यांना अडकवून ठेवत, खाली कापडी झोळी असे. ती पेटी म्हणजे ‘बिन’. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे गटागटाने ज्यात ठेवतात, त्या बिनचं नाव तिथूनच आलंय. तिच्यासाठी ‘रुमाल’ घ्या की! पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांतच बांधलेले आहेत. आणि तुम्ही तर बडोद्याच्या. कारभारासाठी आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ १९३१ साली तुमच्याच गावात निघाला. शब्द घडवायला तुम्ही कचरू नये.

प्रतिसाद:
कचरत नाही, पण रुमाल इथे चालला नाही. मुलगा गुजराती, रुमाल म्हटल्यावर त्याने खिशाला हात लावला. जुना अर्थ माझ्या घरातही कोणाला ठाऊक नव्हता, याचं वाईट वाटलं. बिनला आम्ही ‘कप्पा’ म्हणायला लागलो: आजींचा कप्पा, विसर्जनाचा कप्पा. एकच तुकडा दोन्हीकडे लागणार असेल तर त्याला कीवर्ड देतो, आणि कीवर्डला ‘खूण’. चित्रफीत हा शब्द मात्र मी सोडणार नाही. फीत गेली असली तरी माझ्या आईला तो कळतो.

टाचण समजावून सांगावंच लागलं नाही. गुजरातीत टाचणीला टांचणी आणि टिपणाला टांचण म्हणतात. एवढंच बजावलं की टाचण सॉफ्टवेअरच्या आतच लिहायचं, डिस्कवरच्या फाइलचं नाव बदलायचं नाही. ते बदललं की प्रोजेक्टला फाइल सापडत नाही आणि तुकड्याच्या जागी लाल पडदा दिसतो.

आता प्रश्न क्रियापदाचा. ‘टाचणं’ म्हटलं की कापड डोळ्यांसमोर येतं, ‘टाचण करणं’ कानाला रुचत नाही. शिक्षकांचं ‘काढणं’च बरं वाटतं. काल फोनवर विचारलं, ‘टाचण काढलंस?’ तो म्हणाला, ‘सी००४१पर्यंत.’