‘फेच’ला मराठीत काय म्हणाल? पल्ला, धाव आणि लाटेचा ठाव

प्रश्न : रावपुरा, वडोदरा
मुलगी गुजराती माध्यमात नववीला आहे. भूगोल मी घरी मराठीतून समजावते आणि एका शब्दाशी अडते. वारा एकाच दिशेने जेवढ्या मोकळ्या पाण्यावरून सलग वाहत येतो, त्या लांबीला ‘फेच’ म्हणतात. मी ‘अंतर’ म्हटलं, तर ती विचारते, कुठपासून कुठपर्यंतचं? शिवाय ‘पाण्याची खोली’ म्हटलं की तिला आधी राहायची खोलीच आठवते.

दांडिया बाजार
ताई, ‘पल्ला’ म्हणा. अंतर दोन जागांमधलं असतं, ते वारा बदलला तरी बदलत नाही. हा बदलतो. आपलं खंभातचं आखातच घ्या. दक्षिणेला अरबी समुद्राकडे उघडं, उत्तरेला निमुळतं. पश्चिमेचा वारा सुटला तर सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून भरूचच्या किनाऱ्यापर्यंत, एवढाच त्याचा पल्ला. नैर्ऋत्येचा वारा तोंडातून आत शिरला तर त्याच्या पाठीशी सगळा अरबी समुद्र. पाणी तेच, पल्ला वेगळा. आजव्याच्या तलावावर केवढाही वारा सुटू दे, लाट वाढायच्या आत बांध येतो.

आणि आखातच म्हणा, ‘खाडी’ नको. हिंदीच्या सहवासाने आपल्याकडे सर्रास ‘खंभातची खाडी’ म्हणतात. मराठीत खाडी म्हणजे भरतीचं पाणी जिथवर आत शिरतं तो नदीमुखाचा चिंचोळा भाग.

मांजलपूर
‘पल्ला’ मला पटत नाही. तोफेचा पल्ला म्हणजे ती जास्तीत जास्त कुठवर मारा करील ते. इथे वाऱ्याची ताकद मोजायची नाही, त्याला किती मोकळं पाणी मिळालं ते सांगायचं आहे. ‘वाऱ्याची धाव’ बरं.

दांडिया बाजार
आक्षेप बरोबर आहे. पण ‘धाव’ म्हटलं की मूल वेग समजेल, आणि लाटांच्या बाबतीत वाऱ्याचा वेग ही वेगळीच गोष्ट आहे. वेग, वारा किती तास टिकला आणि पल्ला, तिन्ही मिळून लाट घडवतात. ‘पाण्यावरचा पल्ला’ असं पुरं म्हटलं तर तोफ आठवणार नाही.

मकरपुरा
खोलीबद्दल. ‘ठाव’ हा शब्द विसरू नका. पोहणाऱ्याचे पाय तळाला टेकले की आपण ठाव लागला म्हणतो. लाटेचंही अगदी तसंच आहे. दोन शिखरांमधलं अंतर ही तरंगलांबी. पाणी तिच्या निम्म्याहून उथळ झालं की लाटेला ठाव लागू लागतो. दर ८ सेकंदांनी येणारी लाट भर समुद्रात सुमारे १०० मीटर लांब असते, म्हणजे ५० मीटर खोलीपासूनच तिला तळ जाणवतो. तिथून ती मंदावते, आखूड होते, किनाऱ्याजवळ उभी चढते. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊण पटीवर गेली की ती फुटते. २ मीटर पाण्यात दीड मीटरची लाट टिकेल, ३ मीटरची नाही.

म्हणून उथळ आखातात पल्ला लांब असला तरी लाट हवी तेवढी वाढत नाही. मही, नर्मदा, तापी, साबरमती यांनी आणलेल्या गाळाचे बांध खंभातच्या पाण्याखाली पसरले आहेत. बाहेरून आलेल्या लाटा त्यांवर फुटून बळ गमावतात.

मुलीला कावी-कंबोईला नेणार असाल तर एक सांभाळा. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ पाण्याखाली जातं ते भरतीने, लाटेने नव्हे. लाट वाऱ्याची, भरती चंद्र-सूर्याची.

रावपुरा
रात्री तिला पोहण्याचं उदाहरण देऊन ‘ठाव’ सांगितला. तिने वहीत लिहिलं : ‘पल्ला लांब, पण ठाव लवकर लागला, म्हणून लाट लहान.’ खाली गुजरातीत ‘ऊंडाई’ (म्हणजे खोली) लिहून तिने पुढे बाण काढला आहे. ‘पाण्यावरचा पल्ला’ मी तसाच ठेवते. मांजलपूरकर, चालेल ना?

मांजलपूर
‘पाण्यावरचा’ जोडलात, आता चालेल.