मार्चअखेर जैसलमेर, कॅम्पर व्हॅन आणि दोन कुत्री: एसीवर भरवसा ठेवावा का?

मोकळी_वाट
पुण्याहून २२ मार्चला निघतोय. अहमदाबाद, सांचोर, बाडमेर, जैसलमेर, मग सम आणि खुरी इथल्या वाळूच्या टेकड्या. ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅन आहे: १२ व्होल्ट २०० एएच लिथियम बॅटरी, ४०० वॉट सोलर, १२ व्होल्टचाच रूफ एसी, छताला फॅन. सोबत नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर (३२ किलो) आणि तीन वर्षांचा गावठी (१८ किलो). दुपारी कुत्री एसीत ठेवून दोन-तीन तास किल्ला बघून आलो तर चालेल का? पाणी किती न्यावं?

बॅटरीबहाद्दर
नाही चालणार. तुमची बॅटरी भरलेली असली तर अडीच युनिट, त्यातली वापरायला सव्वादोन धरा. पत्रा तापलेला असताना कॉम्प्रेसर थांबत नाही; ६०० वॉटने साडेतीन तास निघतील. कागदावर पुरतं, आणि फसगत तिथेच होते. बॅटरी सीटखाली बंद खोक्यात असेल तर बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान चार्जिंग तोडतं (नेमका आकडा तुमच्या बॅटरीच्या माहितीपत्रकात बघा), म्हणजे डोक्यावर ऊन असूनही सोलर शून्य. चार्जिंग चालू राहिलं तरी ६५ अंशांवर तापलेलं पॅनेल पंधरा टक्के कमीच देतं. एखादा फ्यूज गेला की संपलं: बंद गाडी अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापते. मोबाइलवर तापमानाचा अलार्म येतो, पण नेटवर्क असेल तर. समकडे त्याचा नेम नाही.

किल्ला आळीपाळीने बघा. एसी चालत्या गाडीत वापरा; ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिन चालू असताना गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणारा) असेल तर चार तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये दीड युनिट परत येतं. आणि बॅटरीच्या खोक्याला दोन जाळ्या पाडून छोटा फॅन बसवा, हे काम निघायच्या आधी.

सावलीशोध
वेळापत्रक उलटं करा. पहाटे पाचला गाडी हलवायची, अकराला थांबायचं, पुन्हा साडेपाचनंतर. अहमदाबादपासून तुम्ही उत्तरेला जाताय, म्हणजे दुपारचं ऊन डाव्या काचांवर. कुत्र्यांची जागा ड्रायव्हरच्या मागे, उजवीकडे करा.

थांबताना दुपारी गाडीचं तोंड दक्षिणेला ठेवा. तुमचा सरकता दरवाजा डावीकडे असेल, तो मग पूर्वेला येतो आणि छत्रीची सावली तिथेच पडते. सकाळी तोंड उत्तरेला. पुढच्या काचेचा चकचकीत पडदा बाहेरून लावा. आतून लावलेला काच तापल्यावर ऊन अडवतो, उष्णता आत शिरलेलीच असते.

टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना बघा. दुपारी वाढलेली दिसते म्हणून सोडू नका. आणि टेकड्यांच्या वाळूत व्हॅन घालू नका, एवढ्या वजनाला मागची दोन चाकं पुरत नाहीत.

पशुवैद्य_नगर
पाणी: एरवी किलोमागे ५० ते ६० मिली, या हवेत दुप्पट धरा. दोघांचं मिळून रोज पाच लिटर फक्त पिण्याचं, शिवाय अंगावर ओतायला दहा लिटर वेगळे. तिकडच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं असतं. पिण्यासाठी वीस लिटरचे जार भरून घ्या.

काळजी लॅबची. वय, वजन आणि जाड कोट, तिन्ही तिच्या विरोधात. कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, धापा टाकूनच अंग थंड होतं; बाहेर चाळीस अंश असताना नुसता फॅन म्हणजे गरम वारा. गुदद्वारातलं तापमान ३८ ते ३९.२ ठीक, ४० च्या वर गेलं की सावध, ४१ ला उष्माघात समजा. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, लाळ घट्ट, पाय लटपटतात. आधी थंड करा, मग दवाखाना गाठा: सगळ्या अंगावर, पोटा-जांघेत पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. ३९.५ ला ओतणं थांबवा.

निघण्याआधी रेबीज आणि बाकी लसी, गोचिडाची गोळी. खरं तर तारीख बदलता आली तर फेब्रुवारीत जा.

मोकळी_वाट
तारीख बदलता येणार नाही. मग किल्ला आळीपाळीने. कुत्र्यांच्या पायात बूट घालावेत का?

सावलीशोध
डांबरासाठी हो, पण आत्तापासून घरात रोज दहा मिनिटं सवय लावा, नाहीतर कातडी घासते. तळहाताची पाठ रस्त्यावर सात सेकंद टेकवत नसेल तर चालवू नका. वाळूतला खरा त्रास भुरट गवताच्या काट्यांचा: बोटांच्या बेचक्यात रुततात, कुत्रं चाटायला गेलं की तोंडात. चिमटा आणि बारीक दातांची फणी जवळ असू द्या, प्रत्येक फेरीनंतर पंजे तपासा.

रात्री पट्टा सोडायचाच नाही. गरम रात्री फुरसं (विषारी साप) बाहेर पडतं. शिवाय सम आणि खुरीला लागूनच डेझर्ट नॅशनल पार्क आहे; माळढोक जमिनीवर अंडी घालतो आणि मोकळी कुत्री हा त्याला मोठा धोका. तुमचा गावठी चिंकाऱ्यामागे सुटला तर गावकरीही सोडणार नाहीत.

बॅटरीबहाद्दर
डीसी-डीसी चार्जर आहे की नाही ते लिहा. नसेल तर सोलरऐवजी आधी त्यावर खर्च करा.