मदत हवी आहे: गोल्फमध्ये जीपीएस घड्याळाचा आकडा खरा, लेझरचा खरा की कॅडीचा?

नमस्कार मंडळी. हा धागा क्रीडा विभागात टाकावा की तंत्रज्ञानात, ते कळलं नाही. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी मडगावची. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि 52 व्या वर्षी गोल्फ शिकायला लागले (हसून घ्या, घरचे केव्हाच हसून झालेत). आता 54 पूर्ण. महिन्यातले दोन-तीन रविवार आम्ही करमल घाट उतरून काणकोणात राजबागला खेळायला जातो. आम्ही म्हणजे मी, यजमान, धाकटे भावजी आणि भावजींच्या ओळखीतली आठ-नऊ माणसं. मैदान नऊ होलचं. प्रत्येक होलला दोन टी (पहिला फटका मारायच्या जागा) आहेत, त्यामुळे त्याच ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर) दोनदा खेळून 18 पुरे होतात.

दुबईच्या भाच्याने नवं जीपीएस घड्याळ घेतलं आणि जुनं मला दिलं. मनगटावर बांधलं की ग्रीनपर्यंतचं अंतर दिसतं. पहिले दोन रविवार मी हरखून गेले होते. तिसऱ्या रविवारी भांडण झालं.

झालं असं की बॉल माडांच्या रांगेशेजारी पडला होता. घड्याळ म्हणालं 128. भावजींनी लेझरची दुर्बीण डोळ्याला लावली आणि 147 सांगितलं. कॅडी (काठ्या उचलणारा मदतनीस) आमचा काणकोणचाच, वीसेक वर्षं हेच करतोय. त्याने कसलंही यंत्र न बघता सांगितलं, "दीडशें धर." मी घड्याळावर विसंबून 5 नंबरचं वूड (लांब फटक्याची काठी) घेतलं. फटका बरा बसला, पण बॉल ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये. कॅडी वाळूत दांताळं ओढत म्हणाला, "वारें पळय गे बाये, घड्याळ कित्याक पळयता?" (वारा बघ गं बाई, घड्याळ कशाला बघतेस?)

एकाच बॉलला तीन आकडे, आणि 128 ते 150 म्हणजे काही थोडाथोडका फरक नव्हे. शिवाय माडांखाली उभी असताना मी दोन पावलं सरकले की आकडा पाच-सहाने उडतो. नववा होल संपवून दहाव्या टीवर गेलं की घड्याळ भलत्याच ग्रीनचं अंतर दाखवतं.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. मागच्या रविवारी आमची घरगुती स्टेबलफर्ड (प्रत्येक होलला गुण देतात ती) स्पर्धा होती. मी पहिली आले, भावजी दुसरे. बक्षीस म्हणून हुर्राकची (काजूच्या दारूची) बाटली होती, मोसमच आहे. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ती संपवली. दुसऱ्या दिवशी भावजी जेवायला आले, घड्याळ हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "वहिनी, यात उतार धरून काढलेला आकडा पण दिसतोय. हे नियमात बसत नाही, तुम्ही बाद." मोठ्या आकड्याशेजारी बारीक बाण आणि दुसरा एक आकडा येतो खरा. तो मी दोन-तीनदा तरी पाहिला असणार. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

तर आता कोणाचं ऐकायचं? घड्याळ बिघडलंय का? आणि मी खरंच बाद का?

– शेवंतीचीवेणी

अर्धापेला
ताई, बाटली संपल्यावर हरकत घेणारे भावजी हे मुरलेले गोल्फर आहेत, एवढं नक्की.

खाजनकाठ
घड्याळ ठणठणीत असावं. एक करा. चाळिशीचा चष्मा लावा आणि आकड्याच्या खाली किंवा बाजूला कोणतं बारीक अक्षर आहे ते बघा. 'वाय' आहे की 'एम'? भाच्याने घड्याळ मीटरवर ठेवलं असावं असा माझा संशय आहे. 128 मीटर म्हणजे बरोबर 140 यार्ड होतात. आपल्याकडे मैदानावर सगळं यार्डातच बोलतात, भावजींचं लेझरही यार्डातच असणार.

आता 140 आणि 147. घड्याळातला मोठा आकडा ग्रीनच्या मध्यापर्यंतचा असतो. त्याला खळग्यात रोवलेला झेंडा दिसत नाही. त्याच्या पोटात फक्त मैदानाचा नकाशा असतो आणि तुम्ही कुठे उभ्या आहात ते उपग्रहांवरून कळतं. लेझर थेट झेंड्याच्या काठीवर आपटून परत येतो. त्या दिवशी झेंडा ग्रीनच्या मागच्या बाजूला होता का? असेल तर सात यार्डांचा हिशोब तिथेच मिटला. मध्यावरच्या आकड्याच्या वर-खाली आणखी दोन आकडे असतात, ते ग्रीनच्या मागच्या आणि पुढच्या कडेचे. नवशिक्यांसाठी पुढच्या कडेचा आकडा सगळ्यात कामाचा, कारण बंकर बहुतेक तिथेच असतात. तुमचाही बॉल तिथेच गेला.

माडांखाली आकडा उडतो हेही स्वाभाविक आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला जीपीएस तीन ते पाच मीटरपर्यंत चुकू शकतो. डोक्यावर झावळ्या असल्या की काही उपग्रह झाकले जातात आणि काहींचे संदेश आडवळणाने पोचतात. पूर्वी हे याहून वाईट होतं. अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालायची. 2000 सालच्या मे महिन्यात ते बंद झालं, त्यानंतरच असली घड्याळं शक्य झाली. गाडीतून उतरल्याबरोबर पहिला फटका मारू नका. घड्याळ पाच मिनिटं आधी उघड्यावर चालू करून ठेवा.

दहाव्या टीचा घोळ तुमच्या मैदानामुळे आहे. नकाशात ते नऊच होलचं नोंदलेलं असेल तर नवव्यानंतर घड्याळाला पुढे काय ते कळत नाही. काही घड्याळं तुम्ही कुठल्या ग्रीनजवळ आहात त्यावरून होल ओळखतात, मग दोन होल शेजारी असले की गोंधळतात. दुसरी फेरी नवा डाव म्हणून सुरू करा, किंवा होल हाताने बदला. आपोआप बदलण्यावर विसंबू नका.

तळपणपार
खाजनकाठ यांना अनुमोदन. मीही राजबागला खेळतो (ताई, कदाचित आपण एकमेकांना बघितलंही असेल). कॅडीच्या दीडशेची फोड करून सांगतो. बॉल दीडशेच्या खुंटापासून (ग्रीनचा मध्य तिथून दीडशे यार्ड) किती पुढे होता? दहा पावलं असेल तर मध्य 140. झेंडा मागे म्हणून सात. वर तीन वाऱ्याचे. शाळेतल्या भूगोलातले खारे वारे आठवतात ना? अकरानंतर ते समुद्राकडून असे सुटतात की समुद्राकडे तोंड करून मारलेला बॉल हवेत उभाच राहतो. खरं तर तीन यार्ड कमीच धरले त्याने.

सारांश, तिघेही बरोबर होते. घड्याळाने मध्य सांगितला, लेझरने झेंडा, कॅडीने फटका.

नियमावलीवाला
आता बाद होण्याचं. हा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण यावरून भांडणं फार होतात.

अंतर मोजणारं यंत्र वापरायला 2019 पासून सरसकट परवानगी आहे, नियम 4.3. त्याआधी उलट होतं: आयोजकांनी स्थानिक नियम करून मुभा दिली तरच चालायचं. आता आयोजकांना नको असेल तर त्यांनी तसा स्थानिक नियम करायचा. पुरुषांच्या मेजर स्पर्धांपैकी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये 2021 साली पहिल्यांदा अशी यंत्रं चालली, किआवा आयलंडला. तीच स्पर्धा मिकेलसन यांनी 50 व्या वर्षी जिंकली. 52 व्या वर्षी शिकायला लागलेल्या ताईंसाठी एवढं पुरे.

परवानगी फक्त अंतराची आणि दिशेची आहे. चढउतार मोजून काढलेला आकडा, बॉल कुठे आहे त्यावरून यंत्राने सुचवलेला क्लब (काठी), यंत्राने मोजलेला वारा, हे चालत नाही. गंमत बघा: कॅडीने "पाच घे" म्हटलं तर चालतं, घड्याळाने म्हटलं तर नाही. वाऱ्यासाठी गवताची चिमूट उडवा, त्याला मनाई नाही.

यंत्रात उताराची सोय असणं हा दोष नाही. ती बंद असेल तर ते यंत्र खुशाल वापरा. चालू ठेवून तो आकडा पाहिला तर पहिल्या वेळी दोन स्ट्रोक, म्हणजे फटके, दंड (होलागणिक हार-जीत ठरते त्या मॅच प्लेमध्ये तो होल हरलात), आणि त्याच फेरीत पुन्हा केलंत की बाद. तुम्ही दोन-तीनदा पाहिला म्हणता, म्हणजे भावजी तत्त्वतः बरोबर आहेत. पण स्पर्धा संपून निकाल लागला होता आणि आपण नियम मोडतोय हे तोवर तुम्हाला ठाऊक नव्हतं. अशा वेळी मागाहून बाद करत नाहीत. निकाल कायम. पुढच्या वेळी मात्र ही सबब चालणार नाही, कारण आता तुम्ही हा धागा वाचला आहे.

तसंही समुद्रकाठच्या सपाट मैदानावर उताराचा आकडा घेऊन करायचं काय? बंदच करून टाका.

शेवंतीचीवेणी
सगळ्यांचे मनापासून आभार. चष्मा लावून बघितलं. 'एम' आहे. कपाळावर हात मारून घेतला. बँकेत आयुष्य आकड्यांत गेलं आणि एकक बघायचं राहिलं.

झेंडा मागेच होता. यजमानांना पक्कं आठवतंय, कारण त्यांचा बॉल त्याच्याही मागे झुडपात गेला होता. उतारही बंद केला, तो सेटिंगच्या तिसऱ्या पानावर दडला होता. आणखी एक शंका. घड्याळ फारच जुनं आहे, भाचा पुढच्या महिन्यात येतोय. त्याच्याकडून नवं मागवलं तर गोव्याच्या विमानतळावर अडवतील का? उपग्रहाचं यंत्र सापडलं म्हणून प्रवाशांना थांबवल्याच्या बातम्या वाचल्या होत्या.

खाजनकाठ
त्या बातम्या उपग्रहावरून बोलणाऱ्या किंवा संदेश पाठवणाऱ्या यंत्रांच्या. तसले फोन आणि डोंगरात नेतात ते संदेशयंत्र परवानगीशिवाय भारतात चालत नाहीत, आणि परदेशी पाहुण्यांना हे माहीत नसतं. गोल्फचं घड्याळ उपग्रहाला काही पाठवत नाही, नुसतं ऐकतं, तुमच्या मोबाइलमधल्या नकाशासारखं. खोका फोडून हातात घालून यायला सांगा. जकातीची मर्यादा मात्र त्यानेच बघावी.

पण नवं घेण्याआधी आहे ते तपासा. बांबोळीच्या अॅथलेटिक्स स्टेडियमवर किंवा रेषा आखलेल्या कुठल्याही ट्रॅकवर जा. 100 मीटरच्या रेषेच्या एका टोकाला फटक्याचं अंतर मोजायची सोय चालू करा आणि दुसऱ्या टोकापर्यंत चाला. 109 यार्ड यायला हवेत. चार-पाचने इकडे-तिकडे झालं तर माफ करा.

अर्धापेला
जूनमध्ये भावजींच्या लेझरच्या काचेवर वाफ धरेल तेव्हा वहिनींचं घड्याळच कामाला येणार. वाट बघा.

शेवंतीचीवेणी
शेवटचं कळवते. ट्रॅकवर तीनदा चालून पाहिलं: 107, 111, 110. नवं घड्याळ मागवणं रद्द, भाच्याला फक्त खजूर आणायला सांगितलाय.

काल राजबागला त्याच माडांशेजारी, जवळपास त्याच जागी बॉल पडला (माझा उजवीकडे जाणारा फटका एवढा भरवशाचा आहे). घड्याळ 138 यार्ड, पुढची कड 126. झेंडा या वेळी पुढे, लेझर 131. कॅडीकडे बघितलं, तर तो गवताची चिमूट उडवून "एकशें चाळीस" म्हणाला. त्याहून लांब मारणारं 3 नंबरचं वूड घेतलं. बॉल बंकर ओलांडून ग्रीनवर टेकला आणि ग्रीनवरचे दोन हलके फटके (पट) मारून मी मोकळी झाले.

हुर्राकचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. नियमावलीवाल्यांचा प्रतिसाद भावजींना वाचून दाखवला. त्यांनी फक्त "तत्त्वतः बरोबर" एवढंच ऐकलं आणि आता बाटली भरून मागतायत.