भाकरी ठीक, पण हिंगाचं काय?

"पिठलं-भाकरी, वरण-भात खा, आपल्याकडे ग्लूटेनची भानगडच नाही," असं ग्लूटेन (गव्हात असणारं प्रथिन) टाळणाऱ्यांना कुणीतरी सांगितलेलं वाचलं. बरंचसं खरं आहे. पण माझ्या लेकाला सिलिअ‍ॅक (ग्लूटेननं आतड्याला इजा होणारा आजार) निघाल्यावर चार महिने आम्ही नेमकं हेच खात होतो आणि त्याचं पोट बिघडणं काही थांबेना. शेवटी डाएटिशियननं विचारलं, हिंग कुठला? डबीवर बारीक अक्षरात मैदा! बांधणी हिंगात खरा हिंग थोडा, बाकी डिंक आणि पीठ, बहुतेक गव्हाचंच. आता तांदळाच्या पिठातला हिंग आणते, नाहीतर लसणाची फोडणी. (सासूबाईंच्या मते हिंगाशिवाय आमटी म्हणजे पाणी. असो.)

दुसरी गोष्ट गिरणीची. आमच्या पेठेतल्या गिरणीत गव्हानंतर ज्वारी टाकली की आधीचं पीठ त्यात येतंच, म्हणून घरघंटी घेतली. थालीपिठाची भाजणीही घरीच करते, विकतच्या भाजणीत बहुधा गहू असतोच. ग्लूटेनबरोबर त्याचं दूधही बंद केलं, ते त्यामानानं सोपं गेलं: ताकाऐवजी सोलकढी, भातावर तुपाऐवजी कच्चं शेंगदाणा तेल. चहा मात्र अजून जमलेला नाही.