मदत हवी आहे: किनाऱ्यालगतच्या व्यावसायिक इमारतीचे वाढीव बांधकाम आणि सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) ना-हरकत

रंकाळावेस
नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे असलो तरी रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी शहरात आमच्या कुटुंबाची एक व्यावसायिक इमारत आहे. तळमजल्यावर उपाहारगृह असून वर पर्यटकांसाठी खोल्या आहेत. किनाऱ्याने फिरण्याचा फरसबंद मार्ग झाल्यापासून गर्दी इतकी वाढली आहे की जागा पुरत नाही, म्हणून वाढीव बांधकामाचा प्रस्ताव नगरपरिषदेत दाखल केला होता. तो ‘सीआरझेड ना-हरकत जोडावी’ एवढ्या एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला. ही ना-हरकत कोणाकडून मिळते व लवकर कशी मिळते, एवढेच कृपया सांगावे. ठेकेदार खोळंबला आहे.

नकाशाघर
आपण दिलेल्या माहितीवर कोणालाही उत्तर देता येणार नाही. बांधकाम वर वाढवायचे आहे की बाजूला? बाजूला असल्यास कोणत्या दिशेने? मूळ इमारत कोणत्या वर्षीची आहे, तिचा मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र हाताशी आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इमारत रस्त्याच्या जमिनीकडच्या अंगाला आहे की समुद्राकडच्या?

पंचगंगाकाठ
आमच्या दुकानाच्या वेळी आम्ही याच फेऱ्यातून गेलो आहोत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापुरात पूररेषेचा विषय किती तापला, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. आपण प्रथम पाटबंधारे विभागाकडून आपली जागा निळ्या रेषेत आहे की लाल रेषेत, याचा दाखला घ्यावा. दोन रेषांच्या मधली जागा निघाली, तर जोते उंच करून काम होते. आमच्या वास्तुविशारदाने तसेच करून दिले होते.

नकाशाघर
पंचगंगाकाठ, आपला अनुभव खरा असला तरी तो नदीकाठचा आहे. निळी रेषा ही साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि त्या पाटबंधारे विभाग आखतो. समुद्राला यांपैकी काहीच लागू नाही. तेथे उच्चतम भरतीरेषा पाहतात. ती चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली असते आणि तिच्यापासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात मोडतो. जोते कितीही उंच केले तरी इमारत त्या पट्ट्याबाहेर जात नाही.

पंचगंगाकाठ
मी केवळ मदतीच्या भावनेने लिहिले होते. पाणी ते पाणीच, आणि सरकारी कचेऱ्यांची तऱ्हा सगळीकडे सारखीच, असे माझे मत कायम आहे.

रंकाळावेस
इमारत १९८६ ची आहे. तळमजला अधिक एक मजला आहे. त्यावर आणखी एक मजला, आणि पुढच्या बाजूस बैठकीसाठी थोडा भाग, एवढाच बेत आहे. मंजूर नकाशा आहे. शेजारच्यांनी दुसरा मजला चढवलेला सर्वांना दिसतो, मग अडवणूक आम्हालाच का, हेही कोणी सांगावे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
साहेब, इतका व्याप कशाला करता? लोखंडी सांगाडा उभा करून वर पत्रे टाका. नटबोल्टवर उभे केलेले बांधकाम तात्पुरते धरले जाते व त्यास परवानगी लागत नाही. आमच्या पाहुण्यांनी तारकर्लीस असेच केले असून अनेक हंगाम निर्विघ्न पार पडले आहेत.

नकाशाघर
हा सल्ला कृपया मानू नये. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेने किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाव दिला आहे, हे खरे. परंतु त्यात झोपडीवजा उपाहारगृहे, स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या व बसण्याची सोय अशा गोष्टी येतात, आणि त्याही भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून. पक्क्या इमारतीच्या गच्चीवर कायमचा सांगाडा ठोकणे त्यात बसत नाही. कोणी तक्रार केली नाही म्हणून हंगाम पार पडतात. तक्रार झाली की प्रकरण पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापर्यंत, म्हणजे पर्यावरणविषयक दावे चालवणाऱ्या न्यायपीठापर्यंत, जाते आणि तेथे पत्रा की स्लॅब हा भेद फारसा कामास येत नाही.

वकिलीकट्टा
मूळ प्रश्नकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार, परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. परत आलेला प्रस्ताव त्रुटी दूर करून पुन्हा दाखल करावा आणि पोच जपून ठेवावी.

नकाशाघर
वकीलसाहेब, त्याच कलमातील पुढची अट आपण वगळली आहे. प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी काटेकोरपणे सुसंगत असेल तरच मानीव परवानगीचा आधार घेता येतो. सीआरझेड मान्यता नसलेला प्रस्ताव सुसंगत कसा ठरेल? मानीव परवानगीच्या भरवशावर काम सुरू केल्यास अनधिकृत बांधकामाबद्दल कलम ५३ ची नोटीस ठरलेली आहे.

वकिलीकट्टा
अट मला ज्ञात आहे. मुदतीचे दडपण ठेवल्याने निदान लेखी व सकारण उत्तर तरी पदरात पडते, एवढाच माझा मुद्दा होता. एका ओळीच्या शेऱ्यावर अपील तरी कसे करणार?

नकाशाघर
तेवढे मान्य आहे. मात्र रंकाळावेस, रस्त्याविषयीचे उत्तर आपण अजून दिलेले नाही आणि सगळे घोडे तेथेच अडले आहे. नगरपरिषद हद्दीतील, किनाऱ्यापर्यंत वस्ती झालेला भाग सर्वसाधारणपणे सीआरझेड-दोन मध्ये येतो. तेथे नवीन इमारतीस परवानगी मिळते ती अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अस्तित्वातील अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूसच.

रंकाळावेस
रस्ता दोन्हीकडे आहे. मागे जुना रस्ता आणि पुढे तो नवा फिरण्याचा मार्ग. म्हणजे आम्ही मार्गाच्या जमिनीकडच्या बाजूसच आहोत ना? मग हरकत कशाची?

नकाशाघर
हा मार्ग कधी झाला? आपल्या जुन्या मंजूर नकाशावर पश्चिमेच्या हद्दीवर काय लिहिलेले आहे, ते पाहून सांगावे.

रंकाळावेस
आत्ताच घडी उलगडून पाहिला. निळ्या छापील कागदावर पूर्वेस ‘म्युनिसिपल रस्ता’ आणि पश्चिमेस केवळ ‘पुळण’ (म्हणजे वाळूचा किनारा) असे हाताने लिहिलेले आहे. त्याखाली तिरका शिक्का व मुख्याधिकाऱ्यांची सही आहे. फिरण्याचा मार्ग अलीकडच्या काही वर्षांतला.

नकाशाघर
मग आपल्या अडचणीचे मूळ हाती आले. जुन्या रस्त्याच्या समुद्राकडे नवा रस्ता झाला, तर त्या नव्या रस्त्याच्या जमिनीकडची बाजू दाखवून बांधकाम परवानगी देता येणार नाही, असे अधिसूचनेतच स्पष्ट आहे. नवा मार्ग आपणांस गिऱ्हाईक देईल, हक्क देणार नाही. नियमाच्या दृष्टीने आपली इमारत जुन्या रस्त्याच्या समुद्राकडे आहे. त्यामुळे पुढच्या बाजूची बैठक विसरावी. ती प्रस्तावात ठेवल्यास वरचा मजलाही तिच्याबरोबर बुडेल. जमेची बाजू म्हणजे इमारत १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपूर्वीची व मंजूर नकाशाची आहे. अधिकृत इमारतीची पुनर्बांधणी, वापर न बदलता, स्थानिक नियमांनुसार करता येते. निव्वळ मजला चढवण्याविषयी मात्र मला खात्रीने आशा दाखवता येत नाही.

वकिलीकट्टा
येथे मी असहमत आहे. मजला आहे त्याच जोत्यावर चढणार असेल, तर बांधकाम समुद्राकडे एक इंचही सरकत नाही. शिवाय २०१९ च्या अधिसूचनेने सीआरझेड-दोन मधील चटई निर्देशांक (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते ते प्रमाण) १९९१ च्या पातळीवर गोठवून न ठेवता, ती प्रसिद्ध झाल्याच्या दिवशी, म्हणजे १८ जानेवारी २०१९ रोजी लागू असलेला ग्राह्य धरला आहे. समुद्राच्या बाजूस शेजारची अधिकृत बांधकामे असल्यास तीही नकाशावर दाखवून हा युक्तिवाद जरूर करावा.

नकाशाघर
युक्तिवाद करावा, पण किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे. नगरपरिषदेच्या खिडकीवर नव्हे. आणि शेजाऱ्यांच्या मजल्याचा दाखला देण्यापूर्वी तो मजला अधिकृत आहे का, हे माहिती अधिकारात पाहून घ्यावे.

रंकाळावेस
ठीक आहे. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. अर्ज कोठे करायचा?

नकाशाघर
महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. ते राज्याच्या पर्यावरण विभागाच्या अखत्यारीत मुंबईस आहे. त्याआधी १:४००० प्रमाणाचा सीआरझेड नकाशा अधिकृत संस्थेकडून तयार करून घ्यावा लागतो. अशा मोजक्याच संस्था आहेत. आपणांस गोव्याची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था जवळ पडेल. त्या नकाशावर आपल्या भूखंडाची हद्द, जुना रस्ता, नवा मार्ग आणि भरतीरेषा एकत्र दिसली पाहिजे. मालमत्ता पत्रक, जुना मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र सोबत जोडावे आणि प्रस्ताव नगरपरिषदेमार्फत, तिच्या अभिप्रायासह पाठवावा. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घरास स्थानिक पातळीवर जी सवलत आहे, ती आपल्या व्यावसायिक इमारतीस मिळणार नाही; कोणी तसे सांगून पैसे मागितल्यास देऊ नयेत. ठेकेदारास तूर्त दुसरे काम घेण्यास सांगावे.

रंकाळावेस
भोगवटा प्रमाणपत्र वडिलांच्या कागदपत्रांत सापडत नाही. घरपट्टीच्या १९८७ पासूनच्या पावत्या आहेत. त्या चालतील का?

वकिलीकट्टा
पावत्यांवरून इमारत तेव्हा उभी होती, एवढेच सिद्ध होते; ती अधिकृत होती, हे सिद्ध होत नाही. नगरपरिषदेच्या अभिलेखातून बांधकाम परवानगी व भोगवट्याच्या प्रमाणित प्रती मागवाव्यात. अर्ज आजच करावा, नकाशा होईपर्यंत प्रती हाती येतील.

पंचगंगाकाठ
आणि जोत्याची उंचीही एकदा मोजून घ्यावी. कधीही कामास येते.